क्वार्टर गेटपलीकडची शाळा

माझ्या लहानपणी रास्ता पेठेतल्या आमच्या वाड्यातून निघून क्वार्टर गेटपाशी रस्ता ओलांडला, की पुणे संपत असे आणि लष्कर सुरू होत असे. ‘कॅम्प’ हा शब्द आमच्या घरात फक्त बाबा वापरत, कारण ते सदर्न कमांडच्या हिशेबखात्यात कारकून होते. आजी मात्र अखेरपर्यंत ‘लष्कर’ असेच म्हणत राहिली. १९७४ च्या जून महिन्यात बाबांनी मला मराठी शाळेतून काढून लष्करातल्या मुलांच्या एका अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथातल्या, शाळेत घातले, तेव्हा आजीने शाळेबद्दल एकच प्रश्न विचारला होता : “तिथे चहा देतात का रे?”

शाळेचे नाव मी इथे लिहिणार नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणी आहेत, त्यात चूक निघाली तर ती माझ्या पदरात पडावी, शाळेच्या नव्हे. शिवाय या लेखात सांगायचे आहे ते एका शाळेपुरते नाही, त्या सगळ्या घराण्याबद्दल आहे. ग्वाल्हेर घराणे म्हटले की जसा एकच गवई डोळ्यांसमोर येत नाही, गाण्याची एक रीत येते, तसे या शाळांचे आहे.

आजीचा प्रश्न वरवर विनोदी वाटतो, पण त्यामागे पुण्याचा चांगला ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा इतिहास होता. १८९० साली पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये एक व्याख्यान ठरले, आणि व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी हा घाट घातला होता, आणि मग उपस्थितांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात छापून आणण्याचा उद्योगही त्यांनीच केला. त्या नावांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी चहा प्यायला होता, कोणी नुसता कप हातात धरला होता, पण ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, उभे राहिले ते सगळ्यांवरच. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांवर पुण्यात पुढे बरीच वर्षे वाद रंगला. माझ्या पणजोबांनी तो गदारोळ ऐन तारुण्यात पाहिला होता. ते आजीचे सासरे, त्यामुळे ‘पंचहौदचा चहा’ हा आमच्या घरात सासऱ्यांकडून सुनेकडे आलेला दागिना होता. सून तो वेळोवेळी अंगावर घालून मिरवीत असे.

गंमत अशी, की गुरुवार पेठेतले पंचहौदचे चर्च आणि माझी लष्करातली शाळा ही दोन्ही एकाच पंथाची, एकाच मुंबईच्या बिशपच्या अमलाखालची. हे मला फार उशिरा कळले आणि आजीला तर कधीच पटले नाही. बिशप एक असला तरी त्याच्या पंगती दोन होत्या. पंचहौदची पंगत मराठी बोलणाऱ्यांची होती. ऑक्सफर्डजवळच्या काउली गावचे धर्मगुरू आणि वाँटेजच्या जोगिणी तिथे येऊन राहिल्या, मराठी शिकल्या, त्यांनी गरिबांच्या मुलामुलींसाठी शाळा आणि दवाखाना चालवला. नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे नंतरचे फादर नेहेम्या गोरे, त्याच परिसरात वावरले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात त्याच वाँटेजला झाला. तिथे वाद घालायला, पटवायला आणि पटवून घ्यायला समोर पुणेकर होता. लष्करातल्या पंगतीला पुणेकराची गरजच नव्हती. ती गोऱ्या शिपायाच्या, रेल्वेच्या गार्डाच्या आणि तारमास्तराच्या मुलासाठी मांडलेली होती, आणि आजूबाजूच्या गावाचा वारा त्या मुलाला लागू नये हाच तिचा हेतू होता. आजीला ज्या बाटवण्याचे भय वाटत होते ते तिथे कोणाच्या मनातही नव्हते. उलट आमच्या स्पर्शाने त्यांचाच मुलगा बिघडेल, ही त्यांची काळजी होती! सोवळे दोन्ही बाजूंनी होते, एवढेच.

या शाळा नेमक्या १८६० च्या दशकातच एकामागून एक का निघाल्या, हे पाहण्यासारखे आहे. मुंबई इलाख्यात त्याचे मूळ अर्थात जुने आहे : १७१८ साली मुंबईच्या किल्ल्यातले पाद्री रिचर्ड कॉब यांनी गरीब मुलांसाठी एक लहानशी धर्मादाय शाळा काढली, १८१५ मध्ये मुंबईचे पहिले आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि त्याच सोसायटीची शाळा पुढे १९२५ साली देवळालीला जाऊन ‘बार्न्स स्कूल’ म्हणून नावारूपाला आली. पण अठराशे सत्तावनने सगळा हिशेब बदलला. गोऱ्या फौजा वाढल्या, छावण्या वाढल्या, आणि गरीब युरोपीय व मिश्र वंशाच्या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न सरकारला पहिल्यांदाच राजकीय वाटू लागला. कलकत्त्याचे बिशप जॉर्ज कॉटन यांनी १८५९ मध्ये सिमल्याच्या शाळेची मुहूर्तमेढ रोवली आणि १८६० मध्ये व्हाइसरॉय कॅनिंग यांनी अशा शाळांच्या कल्पनेला सरकारी पाठबळ दिले. हे कॉटन मुळात इंग्लंडातल्या रग्बी शाळेत थॉमस अर्नोल्ड यांच्या हाताखाली शिक्षक होते. मुलांची घराण्यांत, म्हणजे ‘हाऊस’मध्ये विभागणी करायची, मोठ्या मुलांना ‘प्रीफेक्ट’ करून लहानांवर नेमायचे आणि शिक्षकाने शक्यतो लांबून पाहायचे, ही रग्बीची रीत सिमल्यामार्गे हिंदुस्थानात उतरली. कॉटन यांचा शेवट मात्र चटका लावणारा झाला. १८६६ मध्ये बंगालात नदीकाठी बोटीवर चढताना पाय घसरून ते बुडाले आणि त्यांचा देह हाती लागला नाही.

पुण्याच्या बाबतीत आणखी एक कारण होते, ते म्हणजे बोरघाट. १८५८ पासून खंडाळा ते पुणे गाडी धावत होती, पण मध्ये घाट होता. १८६३ च्या एप्रिलमध्ये घाटातला लोहमार्ग पुरा झाला आणि मुंबईचा मुलगा न उतरता पुण्याला पोहोचू लागला. दुसऱ्याच वर्षी, १८६४ मध्ये, लष्करात ‘बिशप्स स्कूल’ उभी राहिली. त्या वेळी मुंबईचे बिशप जॉन हार्डिंग होते. त्याच साली येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेजच्या नव्या इमारतीचा पाया घातला गेला, १८६६ मध्ये सेंट मेरीज, १८६७ मध्ये जेझुइटांची सेंट व्हिन्सेंट्स, त्याच वर्षी ससून रुग्णालय आणि आपण ज्याला सरळ ‘लाल देऊळ’ म्हणून मोकळे होतो ते ज्यूंचे प्रार्थनास्थळ. अमेरिकेत यादवी पेटल्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि त्या पैशाचा ओघ पुण्यापर्यंत येत होता. पावसाळ्यात गव्हर्नर पुण्यात मुक्कामाला असे, त्यामुळे दात्यांनाही पुण्यात नाव कोरून घेण्याची हौस होती. आज कॅम्पातून चक्कर मारताना ज्या इमारतींना आपण ‘ब्रिटिशकालीन’ असा एकच शिक्का मारतो, त्यांतल्या कितीतरी या चार-पाच वर्षांच्या एका लाटेत उठलेल्या आहेत.

आता प्रश्न असा, की गोऱ्यांसाठी मांडलेल्या त्या पंगतीत रास्ता पेठेतला मुलगा बसला कसा? याचे उत्तर मला शाळेने नव्हे, वकिली करू लागल्यावर कायद्याच्या पुस्तकांनी दिले. स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघाली आणि बाके रिकामी होऊ लागली. राज्यघटनेच्या ३३७ व्या कलमाने या शाळांचे सरकारी अनुदान दहा वर्षे टप्प्याटप्प्याने कमी करत चालू ठेवले, पण एक अट घातली : दरवर्षीच्या प्रवेशांपैकी किमान ४० टक्के जागा इतर समाजांच्या मुलांना खुल्या ठेवल्या पाहिजेत. अनुदान हवे, तर दार उघडा. दार उघडले, आणि लगेच उलट्या बाजूने अडसर आला. जानेवारी १९५४ मध्ये मुंबई सरकारने एक परिपत्रक काढून इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन आणि अ-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज इतरांना प्रवेश देण्यास मनाई केली. देशी भाषांच्या शिक्षणाला बळ यावे हा हेतू असेल, पण त्याचा अर्थ असा झाला, की इंग्रजी शाळेत जाण्याचा हक्क आपल्याच देशात रक्तावर ठरू लागला. देवळालीच्या बार्न्स स्कूलच्या संस्थेने आणि ज्यांच्या मुलांना प्रवेश नाकारला गेला अशा पालकांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. तिथे परिपत्रक रद्द झाले, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिथेही हरले. भाषेच्या कारणावरून नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम २९ चे वचन न्यायालयाने परिपत्रकाच्या तोंडावर ठेवले. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा ग्रंथालयात एकटाच हसलो होतो, कारण माझ्या टायची पहिली गाठ कोणी मारली ते मला त्या दिवशी कळले.

प्रत्यक्षातली पहिली गाठ मात्र बाबांच्या कचेरीतल्या एका सुभेदारसाहेबांनी मारली. घरात कोणीही आयुष्यात टाय बांधला नव्हता. बाबा तो टाय डब्याबरोबर कचेरीत घेऊन गेले आणि संध्याकाळी गाठीसकट, फास ढिला करून, कागदात गुंडाळून परत आले. मी तो डोक्यावरून घालायचा आणि ओढून घट्ट करायचा. शाळेतून आल्यावर ढिला करून खुंटीला अडकवायचा. गाठ सोडायची नाही, अशी घरात सक्त ताकीद होती. हे दोन महिने सुरळीत चालले. मग श्रावणात एकदा आजीने टाय कपड्यांबरोबर धुवायला टाकला, आणि धुण्यापूर्वी नीटनेटकेपणाने गाठ सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बाबा मला सायकलवर बसवून त्या सुभेदारसाहेबांच्या घोरपडीच्या बिऱ्हाडी गेले. साहेब दाढीचा फेस तोंडावर घेऊनच बाहेर आले, आणि त्यांनी माझ्याकडून दहा वेळा गाठ मारून घेऊनच आम्हाला सोडले. मला आजही टाय बांधताना आरसा लागत नाही.

शाळेत माझी इंग्रजीची परीक्षा घेतली तेव्हा ती यथातथाच निघाली, म्हणून मराठी शाळेतली पाचवी पास झालेला मी पुन्हा पाचवीतच बसलो. पहिले सहा महिने मी जवळजवळ मुका होतो. गणित तेवढे येत असे, पण वर्गात पाढे म्हणायची वेळ आली की डोक्यात ‘पावकी-निमकी’ आणि तोंडात ‘सेव्हन सिक्स आर’ अशी ओढाताण चाले. मुलांना आडनावाने हाक मारण्याची पद्धत मला नवी नव्हती, पेठेतल्या शाळेतही मास्तर आडनावानेच पुकारीत. नवी होती ती भावांना ओळखण्याची युक्ती. एकाच आडनावाचे दोन भाऊ शाळेत असले, तर थोरल्याच्या आडनावापुढे ‘मेजर’ आणि धाकट्याच्या पुढे ‘मायनर’ लागे. दोन वर्षांनी माझा धाकटा भाऊ शाळेत आला आणि मी रातोरात मेजर झालो. घरी हे कळताच आजीने वाड्यात सांगून टाकले, की शाळेने आमच्या नातवाला मेजर केले. बाबा लष्करी हिशेबखात्यात, आणि वाड्यात निम्मे लोक संरक्षण खात्यात नोकरीला. चार दिवस बाबांना प्रत्येकाला खुलासा करत फिरावे लागले, आणि खालच्या मजल्यावरचे काका पुढे कित्येक वर्षे मला सलाम ठोकत.

हाऊसचे प्रकरण मला सुरुवातीला निव्वळ पोरकटपणा वाटले. शाळेत पाऊल ठेवताच तुमच्या कपाळी एक हाऊस येते, त्याचा रंग येतो, आणि त्या क्षणापासून बाकी हाऊसे तुमची भाऊबंद. धावण्याच्या शर्यतीतले गुण हाऊसला, हस्ताक्षराचे गुण हाऊसला, आणि बुटाला पॉलिश नसले तर हाऊसचेच गुण कापणार. पण मार्चपास्टच्या सरावाला उन्हात उभे राहता राहता माझ्या लक्षात आले, की ही गोष्ट मी ओळखतो. गणपतीत रास्ता पेठेतली मंडळे नाना पेठेतल्या मंडळांशी ज्या ईर्ष्येने वागत, तीच ही ईर्ष्या. ढोलाऐवजी ड्रम एवढाच काय तो फरक. मग मला ते जमू लागले. खेळांत मी बेताचाच होतो. बॉक्सिंगच्या रिंगणात एकदाच उतरलो आणि नाकातून रक्त येईपर्यंतच टिकलो, त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

शाळेत खरे दोन वर्ग होते ते म्हणजे डे-स्कॉलर आणि बोर्डर. आम्ही संध्याकाळी घरी जाणारे, ते सत्र संपेपर्यंत तिथेच राहणारे. बोर्डरांत रेल्वेच्या वसाहतींतले बरेच असत : भुसावळ, इगतपुरी, दौंड. मधल्या सुट्टीत घंटा झाली की ते रांगेने भोजनगृहात जात, उभ्याने प्रार्थना म्हणत आणि मग बाके सरकवल्याचा एकच मोठा आवाज होई. आम्ही मैदानाच्या कडेला चिंचेखाली डबे उघडायचो. जेवण आटोपून बोर्डर बाहेर आले की ते आमच्या डब्यांवर नजर ठेवून हिंडत, कारण खिमा, पाव आणि आठवड्याच्या ठरलेल्या पदार्थांचा त्यांना वीट आलेला असे. तिथे रीतसर बाजार भरत असे. एका गूळपोळीला एक दिवस चांगली बॅट वापरायला मिळे. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीचा भाव सर्वांत चढा असे, आणि माझ्या वर्गातल्या कोणत्याही ब्राह्मण मुलापेक्षा आषाढी-कार्तिकी कधी येते हे त्या बोर्डरांना पक्के ठाऊक असे.

त्यांतला दौंडचा एक मुलगा माझा मित्र झाला. त्याचे वडील इंजिनड्रायव्हर होते, डोळे निळसर, आणि मराठी अशी की ऐकत राहावे. माझी मराठी पाठ्यपुस्तकातली. त्याची फलाटावरची, हमालांच्या आणि शेंगदाणेवाल्यांच्या संगतीत मुरलेली. मराठीच्या तासाला सरांनी ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांतला फरक विचारला, तेव्हा पुढच्या बाकावरचे दोन पारशी मुलगे ‘ळ’पाशी अडखळले, सिंधी मुलगा गप्प बसला, आणि हा मागून म्हणाला, “सर, गाडीला होतो तो वेळ, आणि मांडवावर चढते ती वेल.” सर पांढऱ्या सदऱ्यातले, कोथरूडहून सायकल हाणत येणारे, बोलायला मितभाषी गृहस्थ. त्यांनी खडू खाली ठेवला आणि त्या मुलाच्या जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इंग्रजी शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला असे क्षण किती येत असतील? आठवड्याचे पाच तास, वर्गात आठ मातृभाषा, आणि मराठी हा बहुतेकांच्या लेखी पास होण्यापुरता विषय. त्या सरांनी तो विषय कधीही तेवढ्यापुरता शिकवला नाही.

धर्माच्या बाबतीत शाळा सरळ होती. ख्रिस्ती मुलांना ‘स्क्रिप्चर’, बाकीच्यांना त्याच तासाला ‘मॉरल सायन्स’. सकाळच्या प्रार्थनेला सगळे उभे राहत, पण मान्यताप्राप्त शाळेतल्या कोणालाही संमतीवाचून उपासनेत ओढता येत नाही हा घटनेचा नियम शाळा पाळत असे, आणि गायकवृंदात जाण्यासाठी पालकांची सही लागे. बाबांनी ती कागदाची नीट घडी घालून, एक कार्बन प्रत घरी ठेवून, दिली. मी तीन वर्षे त्या वृंदात गायलो. नाताळच्या गीतांचा सराव मी वाड्यात करत असे तेव्हा आमचे काका, जे दर डिसेंबरात सवाई गंधर्वच्या रात्री जागवीत, ते कानावर हात ठेवत. शेवटी एकदा शाळेच्या कार्यक्रमाला ते आलेच. चार स्वरांत विभागलेला तो वृंद ऐकून परतताना क्वार्टर गेटपर्यंत काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, “प्रत्येक जण वेगळेच गातोय, आणि तरी भांडण कसे होत नाही?” मला हे हार्मनीचे वर्णन अजून पुस्तकात सापडलेले नाही.

मी शाळेत जाण्यापूर्वीच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपुरात उत्तर भारतातले अँग्लिकन आणि इतर काही पंथ एकत्र होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले होते. म्हणजे मी ज्याला अँग्लिकन शाळा म्हणतो आहे ती कागदोपत्री तशी उरलीच नव्हती. पण चर्चचे नाव बदलले म्हणून रिवाज बदलत नाहीत. परीक्षेचेही तसेच : केंब्रिजच्या जागी १९५८ साली स्थापन झालेली दिल्लीची कौन्सिल आली होती, आणि तरी शाळेतली जुनी मंडळी शेवटच्या परीक्षेला ‘सीनिअर केंब्रिज’च म्हणत. त्याचा मला एक वेगळाच ताप झाला. १९८० मध्ये माझा निकाल चांगला लागला, पण वाड्यातल्या प्रत्येकाने विचारले, “बोर्डात कितवा?” आमचे बोर्डच निराळे, गुणवत्ता यादीत नाव येण्याचा प्रश्नच नाही, हे मी प्रत्येकाला समजावले, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ‘आला नाही वाटते’ हेच उमटले.

आता कॅम्पात गेलो तर शाळांबाहेर रिक्षा आणि मोटारींची गर्दी असते, आणि बिशप्सच्या शाखा कल्याणीनगरला आणि पार उंड्रीलाही आहेत. आमच्या लहानपणी उंड्रीला जायचे म्हणजे शिदोरी बांधावी लागे.

आजी शाळेत एकदाच आली, मी दहावीत असताना, बक्षीस समारंभाला. मला मराठीचे बक्षीस होते. इंग्रजी शाळेत मराठीचे बक्षीस घेण्यात कसले शौर्य, असे मलाच वाटत होते, पण आजी नऊवारी नेसून, बाबांचा हात धरून, तिसऱ्या रांगेत येऊन बसली. समारंभानंतर हिरवळीवर लांब मेजे मांडली होती, पांढऱ्या चादरी, जाड कपबशा. बाबा अवघडून उभे होते. तेवढ्यात तो दौंडचा मुलगा, ब्लेझर घातलेला, केस पाण्याने चापून बसवलेला, दोन्ही हातांत बशी धरून तिच्यापुढे आला आणि म्हणाला, “आजी, चहा घ्या. गरम हाय.” तिने त्याच्या डोळ्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. “खिचडी खाणारा तो हाच ना?” तिने मला विचारले. मी मान हलवली. तिने कप घेतला, बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि सगळा संपवला. परत येताना क्वार्टर गेट ओलांडून पेठेत शिरल्यावर ती म्हणाली, “साखर कमी होती. आणि आलं घालत नाहीत वाटतं ते लोक.”